कडेची छत्तीस घरं

रोह्याला जाणारी सकाळची गाडी पेणच्या स्टेशनात शिरते तेव्हा नमिताच्या डब्यातली भाजी अजून कोमट असते. धरमतरच्या खाडीकाठच्या गावातून मिनिडोर रिक्षाने पेण, पेणहून गाडीने रोहा आणि तिथून शेअर रिक्षाने कंपन्यांच्या रांगेच्या पार टोकाला असलेली एक दोनमजली प्रयोगशाळा, असा तिचा रोजचा प्रवास. रोजचा म्हणजे अक्षरशः रोजचा. रविवारही सुटत नाही. होळीच्या दिवशीसुद्धा ती अंगावर रंग पडू नये म्हणून ओढणी गुंडाळून गेली, तेव्हा मिनिडोरमधल्या गिरजाबाईने विचारलंच, "काय गो, तुझी कंपनी हाय का देऊळ? सनालापन बंद नाय?"

"देऊळच समज गिरजाकाकी," नमिता हसून म्हणाली. "नैवेद्य चुकवून चालत नाय."

हे काही ती उगीच बोलली नव्हती. घरातल्या देवाला सणाच्या दिवशी आपण विसरत नाही, उलट त्याचं ताट आधी वाढतो. नमिताकडे होत्या पेशी. डोळ्यांना न दिसणाऱ्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या तर फरशीच्या तुकड्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. त्यांच्या पाण्याकडे रोज बघावं लागे. जुनं काढायचं, ताजं घालायचं. दोन दिवस हयगय केली की त्या माना टाकत.

नमिता सत्तावीस वर्षांची. वडील रघू आणि आई गोदूबाई, दोघांचं आयुष्य मिठागरात गेलेलं. तिने स्वतःही बारावीपर्यंत सुट्टीत मिठाच्या टोपल्या वाहिलेल्या. पुढे पेणच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, पनवेलला राहून एम.एस्सी. केलं आणि दोन वर्षांपूर्वी या प्रयोगशाळेत तात्पुरती म्हणून लागली. गावात सगळे म्हणत, रघूची पोरगी कंपनीत शिफ्टला जाते. ती नेमकं काय करते, हे खोदून विचारणारी एकच होती, ती म्हणजे गोदूबाई.

माघात एका संध्याकाळी गोदूबाई पडवीत जवळा निवडत बसली होती. निवडता निवडता तिने मनात बरेच दिवस घोळत असलेला प्रश्न काढला.

"नमे, खरं सांग हां. तुमी त्या पेशी आनता, त्या कुना बायच्या पोटातलं बाळ मोडून तर नाय ना आनत? तसं असंल तर मना ते अन्न गोड लागनार नाय."

नमिताने पर्स बाजूला ठेवली. आईच्या मनात हे कधीपासून होतं कोण जाणे.

"नाय गो आये. एका माणसानं राजीखुशीनं रक्त दिलं. सुई टोचून देतात ना, तसं. त्या रक्तातल्या पेशीला मागं नेतात. अगदी मागं. आपण रक्ताची आहोत हे तिला विसरायला लावतात. मग ती पोटातल्या पहिल्या दिवसांसारखी कोरी होते. तिला मूळपेशी म्हणतात. कोरी झाली की शिकवायचं, तू आतड्याची हो, तू काळजाची हो."

"आनि ती आयकते?"

"महिना दीड महिना रोज नीट खायला घातलं तर ऐकते."

"बघ बाय! माजी लेक सत्तावीस वरसं खाऊन आयकत नाय," गोदूबाई म्हणाली आणि दोघी हसल्या. मग तिचा हात पुन्हा सुपात थांबला. "खातात तरी काय?"

"साखर, मीठ, आणखी बरंच काय काय. गुलाबी पाण्यात विरघळवलेलं असतं."

"मीठपन? मग आपल्याच आगरातलं ने की."

"तुझ्या आगरातलं मीठ घातलं तर सावनी मॅडम मला खाडीत टाकतील."

गोदूबाईला सगळं काही कळलं असं नाही. पण देवाने माणूस घडवताना पहिल्या कोऱ्या कणात पुढचं सगळं साठवून ठेवलं आहे, आणि तिची मुलगी तो कण उलगडताना रोज बघते, एवढं तिला उमगलं. त्या रात्री दिवा लावताना तिने हात जोडले ते जरा जास्त वेळ.

नमिताच्या वाट्याला आतड्याचं अस्तर होतं. आपल्या आतड्याला आतून पातळ अस्तर असतं. ते कधी कधी धुमसतं, लाल होतं, सुजतं. त्याला दाह म्हणतात. कित्येकांना हा दाह वर्षानुवर्षं छळतो. खाल्लेलं अंगी लागत नाही, पोटातून रक्त जातं. जिवंत माणसाच्या पोटात रोज डोकावून तर बघता येत नाही. म्हणून मूळपेशींपासून वाढवलेलं अस्तर प्लास्टिकच्या ताटलीत घालायचं, त्याला मुद्दाम चिडवायचं आणि मग कोणत्या औषधाने ते शांत होतं ते बघायचं. ताटली तळहाताएवढी. तिच्यात आठ आडव्या ओळी आणि बारा उभ्या रांगा, म्हणजे शहाण्णव बारीक घरं. प्रत्येक घर शेंगदाण्याएवढं.

गोदूबाईने हेही विचारलं होतं. "चिडवता, तवा त्यास्नी दुखतं का?"

"दुखायला मेंदू लागतो, आये. यांना मेंदू नाय."

"मंग चिडल्या ते कलतं कसं?"

"पेशी चिडली की आजूबाजूच्या पाण्यात एक प्रथिन सोडते. हाक मारते म्हण. ते पाणी आम्ही तपासतो. जेवढा दाह जास्त, तेवढा रंग पिवळा गडद. शांत असेल तर पाण्यासारखं फिक्कं."

"हलदीसारका?"

"व्हय, हळदीसारखा."

प्रयोगशाळेत सावनी मॅडम तिच्या वरिष्ठ. पेणच्या शिक्षकांच्या घरातल्या, पंधरा वर्षं बाहेर शिकून परत आलेल्या. बोलायला मोजक्या, पण कामात चोख. दुसरा सहकारी प्रणित. तो नमिताच्या आधी वर्षभर लागलेला आणि तिच्या आधी कायम झालेला. नमिता उबेचं कपाट उघडण्याआधी क्षणभर हात जोडायची. ते कपाट शरीराएवढं गरम असतं, पेशी त्यातच राहतात. प्रणित तिला चिडवायचा, "एक उदबत्तीपण लाव. सात नंबरला गुलाबाची आवडते."

सात नंबर म्हणजे सातव्या रक्तदात्याच्या पेशी. नमिताने त्या नखाएवढ्या पुंजक्यापासून आठ महिने वाढवलेल्या होत्या. बाकीच्यांपेक्षा हट्टी, उशिरा शिकणाऱ्या, पण एकदा अस्तर धरलं की सुरेख धरणाऱ्या.

फाल्गुनात सावनी मॅडमनी नवा प्रयोग काढला. आतापर्यंतचे प्रयोग एका दिवसाचे असत. आज चिडवा, उद्या तपासा. पण माणसाच्या पोटातला दाह असा एका दिवसाचा नसतो, तो हळूहळू धुमसतो. म्हणून आता पेशी पाच दिवस तशाच ठेवायच्या होत्या. मधे पाणी बदलायचं नाही, नाहीतर पेशींनी मारलेली हाकच वाहून जाईल. पक्कं अस्तर धरलेल्या पेशी तेवढे दिवस तगतात. कोणत्या घरात काय घालायचं याचा नकाशा नमिताने करायचा होता.

तिने तो घटकाभरात केला. कडेच्या छत्तीस घरांत काहीही न चिडवलेल्या पेशी, तुलनेसाठी. आतल्या साठ घरांत चिडवलेल्या. त्यांतल्या निम्म्यांना औषध. सावनी मॅडमनी नकाशावर सही केली.

पाच दिवसांनी रंग उमटला आणि नमिता ताटली उजेडाकडे घेऊन गेली. आतली घरं पिवळी झाली होती, ते ठीकच. पण कडेची छत्तीस घरंही पिवळी होती. ज्यांना कुणी बोट लावलं नव्हतं, त्याही पेशी हाका मारत होत्या. दुसरी ताटली केली, तिसरी केली. तेच.

"कुठेतरी घाण शिरली असेल," प्रणित म्हणाला. नमिताने सगळं तपासलं. जंतू नव्हते.

तिसऱ्या ताटलीनंतर सावनी मॅडमनी दोघांना बोलावलं. "सात नंबर मुळातच बिघडलेला दिसतोय. न चिडवताच चिडतोय. असल्या पेशींवर औषध तपासून काय उपयोग? मी गुरुवारी औषध कंपनीला तसा अहवाल पाठवलाय. सोमवारी सात नंबर काढून टाकू, गोठवलेल्या नळ्यांसकट."

नमिताने उबेच्या कपाटाकडे वळून बघितलं. मॅडमना ते दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "तुझी चूक नाही, नमिता. तुझं कायम करण्याचं पत्रही तयार आहे. सोमवारीच वर पाठवते."

दोन वर्षं जिची वाट बघितली ती बातमी कानावर पडली आणि तिला धड हसताही येईना. परतीच्या गाडीत निडी गेलं, नागोठणं गेलं, तरी ती खिडकीबाहेर बघतच होती. सात नंबर असा का वागतो? आठ महिने तिने त्याला बघितलं होतं. एका दिवसाच्या प्रयोगात तो कधी विनाकारण चिडला नव्हता. मग पाच दिवसांतच याला काय होतं?

चौथी ताटली अजून कपाटात होती. तिचा पाचवा दिवस रविवारी भरणार होता.

रविवारी दुपारची गाडी असल्याने सकाळी ती आईवडिलांना न्याहारी द्यायला मिठागरात गेली. चैत्राचं ऊन नऊलाच भाजत होतं. तिथली रीत पिढ्यानपिढ्यांची. भरतीला उघाडीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार उघडायचं की खाडीचं पाणी बांधालगतच्या कडेच्या तळ्यांत येतं. तिथून ते हळूहळू आत सरकवत न्यायचं, उन्हात घट्ट करत करत. मीठ धरतं ते मधल्या वाफ्यांत. कच्चं पाणी कडेला, पक्कं पाणी मधे. हे वाक्य नमिताने चालायला शिकली तेव्हापासून ऐकलेलं.

आज मात्र रघू कडेच्या तळ्यापाशी उकिडवा बसून शिव्या घालत होता. पाण्याचा रंग तांबूस झाला होता आणि बांधाच्या कडेने पांढरी साय धरली होती. मिठाची. जिथे कच्चं पाणी असायचं, तिथेच मीठ धरलं होतं. आणि शेजारच्या आतल्या वाफ्यात अजून काही नव्हतं.

"बाबा, हे कसं झालं? कडेला मीठ?"

"उघाडीवरचा काळुराम आठ दिस दार दुरुस्त करतोय नुस्ता. नवं पानी आलंच नाय," रघू म्हणाला. "कडंला वारा लागतो, बांध तापतो. पानी बदललं नाय तर कड आधी आटनारच. ती कच्ची राहते ती रोज नवं पानी येतं म्हनून."

गोदूबाई भाकरी सोडत होती. "नमे, ये खायाला. अशी काय उभी राहिलीस, भूत बघितल्यागत?"

नमिताला भूत नाही, ताटली दिसत होती. कडेची छत्तीस घरं. पाच दिवस न बदललेलं पाणी. आणि तो नकाशा, जो तिने घटकाभरात काढला होता, कारण विचार करावाच लागला नव्हता. न चिडवलेल्या पेशी म्हणजे कच्च्या, त्या कडेला. चिडवलेल्या म्हणजे पक्क्या, त्या मधे. हात आपोआप तसा फिरला होता. पेणच्या, पुण्याच्या कुठल्याही मुलीने तो तसा काढला नसता.

"आये, मी निघते."

"अगो, भाकरी तरी खा!"

"गाडीत खाते."

प्रयोगशाळेत त्या दिवशी प्रणितही ड्यूटीवर होता. नमिताने चौथी ताटली काढली आणि डोळ्यांच्या रेषेत धरली. नीट बघितलं तर दिसत होतं. मधल्या घरांत पाणी जवळजवळ होतं तेवढंच, कडेच्या घरांत खाली गेलेलं. ती एकेका घरातलं पाणी ओढून मोजू लागली. प्रत्येक घरात शंभर माप घातलं होतं. मधून ब्याण्णव, चौऱ्याण्णव निघालं. कडेच्या घरांतून पंच्याहत्तर. कोपऱ्याच्या एका घरातून तर अवघं सदुसष्ट. पाणी उडालं होतं, मीठ कुठे उडतं? ते मागेच राहिलं होतं. कडेच्या पेशी पाच दिवस खारावत चाललेल्या पाण्यात बसल्या होत्या. त्या हाका मारणार नाहीत तर काय करतील!

तिने प्रणितला दाखवलं. त्याने दोनदा आकडे बघितले आणि दार लोटून घेतलं.

"हे तू कुणाला सांगितलंस?"

"अजून नाय."

"मग सांगूच नकोस. उद्या सात नंबर जाईल, तुझं पत्र येईल. पेशी काय, आठ नंबरच्या आणतील. अहवाल गेलाय बाहेर. आता तू म्हणालीस की चूक नकाशात होती, तर नकाशा कुणाचा?"

"माझा."

"तेच सांगतोय. वेडेपणा करू नको."

प्रणित वाईट नव्हता. तो तिचं भलंच बघत होता, आणि म्हणूनच त्याचं बोलणं गाडीभर तिच्या कानात राहिलं. घरी पोचल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. पत्राचंही. शेवटी गोदूबाईने एवढंच विचारलं, "त्या सात नंबरवाल्याला ठावं हाय का, त्याचं रक्त तुमी बिघडलेलं ठरवलंत?"

"त्याचं नावपण आम्हाला ठाऊक नसतं."

"म्हंजे त्याच्या वतीनं बोलनारं कोन नाय," गोदूबाई म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

सोमवारी नमिता पोचली तेव्हा टाकून द्यायच्या पेशींची लाल पिशवी टेबलावर येऊन पडली होती, आणि सावनी मॅडम गोठवलेल्या नळ्यांची यादी तपासत होत्या.

"मॅडम, सात नंबर टाकू नका. तो बिघडलेला नाही. माझा नकाशा चुकला."

तिने मापांचा कागद पुढे ठेवला. मॅडमनी तो उभ्यानेच वाचला. चेहरा आवळला.

"कडेची घरं आटतात हे मला माहीत असायला हवं होतं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "एका दिवसात फरक पडत नाही म्हणून कधी मनावरच घेतलं नाही." मग एकदम वर बघून, जरा तिखटपणे, "पण सगळ्या तुलनेच्या पेशी एकाच ठिकाणी, तेही कडेला? असा नकाशा काढतं कोण? विखरून का नाही घातल्यास?"

नमिताला मिठागर सांगावं लागलं. उघाडी, कडेची तळी, कच्चं पाणी, पक्कं पाणी, काल दिसलेली पांढरी साय. सांगताना कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. हे ऐकून मॅडम हसतील असं तिला वाटलं होतं. मॅडम खुर्ची ओढून बसल्या.

"थांब. कडेचं पाणी रोज नवं येतं म्हणूनच कच्चं राहतं? नाहीतर तेच आधी घट्ट होतं?"

"हो, मॅडम."

"मी पेणमध्ये वाढले आणि जन्मात एकदाही मिठागरात पाऊल टाकलं नाही," सावनी मॅडम म्हणाल्या. त्यांनी लाल पिशवीची घडी केली. "पण तुझ्या बोलण्यावर मी कंपनीला लिहू शकत नाही. दाखवून दे. एक ताटली फक्त सात नंबरची कर, कुणालाच चिडवू नकोस. आणि असं कर, अगदी मधल्या चार घरांत, माप तेवढंच ठेवून, पाणी मुद्दाम थोडं खारट घाल. कडेला नाहीत, तरी ती चिडली तर कारण मीठच."

त्या पाच दिवसांत नमिताने ताटलीला हात लावला नाही. बाकी पेशींना खायला घातलं, दोनदा पेणला गाडी चुकवली आणि शनिवारच्या उपासाला साबुदाण्यात मीठ घालायला विसरली. त्यावरून घरात बरीच थट्टा झाली.

रंग उमटायला तपासणीत अर्धा तास लागतो. तिघंही टेबलाभोवती उभे होते. आधी कोपरे पिवळे झाले. मग कडेची ओळ. आतली घरं फिक्कीच राहिली, नितळ पाण्यासारखी. आणि त्यांच्या ऐन मधोमध चार घरं हळदीसारखी उमटली.

"अरे देवा," प्रणित म्हणाला. त्याच्या तोंडी देवाचं नाव तिने पहिल्यांदाच ऐकलं.

सावनी मॅडम बराच वेळ ताटलीवर वाकून होत्या. "एवढ्याशा मिठाने," त्या पुटपुटल्या. "जंतू नाही, विष नाही, नुसतं पाणी खारट झालं आणि अस्तर धुमसायला लागलं. नमिता, किती मिठाला सुरू होतं हे? थोडं थोडं वाढवत नेलं तर?"

"मलापण तेच बघायचंय."

"बघ मग. पण आधी कंपनीला पत्र." मॅडम सरळ उभ्या राहिल्या. "मी कंपनीला लिहिते, अहवाल मागे घेतोय. चूक प्रयोगशाळेची, नकाशावर सही माझी. तुझं कायमचं पत्र मात्र आत्ता वर पाठवता येणार नाही. अहवाल मागे घेतलेल्या महिन्यात कुणी त्यावर सही करणार नाही. दिवाळीपर्यंत थांबावं लागेल. आणि तेव्हाचंही वचन मी देत नाही."

नमिताने मान हलवली. वाईट वाटलं, नाही असं नाही. ती हात धुवायच्या निमित्ताने बेसिनपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं आणि परत आली.

घरी गोदूबाईने दारातच विचारलं, "राहिला का?"

"राहिला. सात नंबर चांगला हाय."

"आनि पत्र?"

"दिवाळी. तेपन झालं तर."

गोदूबाईने पदराने तिच्या कपाळावरचा घाम पुसला. लेक लहान असताना पुसायची तसा. "खायाला बस," ती म्हणाली. "भूक लागली असंल."

जेवता जेवता नमिताने ताटाच्या कडेला बोटाने एक ताटली आखली. आता सगळी कडेची घरं नुसत्या पाण्याने भरायची, पेशी फक्त आतल्या साठांत, आणि एका रांगेपासून दुसऱ्या रांगेपर्यंत मीठ चिमूट चिमूट वाढवत न्यायचं. गोदूबाई वाकून बघत होती.

"पयल्या रांगेत किती घालशील?"

"काहीच नाय. आधी नुसतं बघायचं."

"आनि दुसरीत?"

नमिता बोट उचलून विचार करू लागली.